गोव्याची प्रादेशिक योजना: नकाशा आणि तो बदलण्याचा अधिकार

शहराच्या विकास आराखड्यात रस्त्याची रुंदी, शाळेसाठी राखून ठेवलेला भूखंड, बाजाराची जागा असा सर्व्हे क्रमांकापर्यंतचा तपशील असतो. प्रादेशिक योजना त्याच्या वरच्या पातळीवर काम करते: अनेक तालुके, त्यांतील गावे, शेती, जंगल, नद्या आणि त्यांना जोडणारे रस्ते व लोहमार्ग यांचा एकत्र विचार करून पुढील पंधरा-वीस वर्षांत कोणती जमीन कशासाठी वापरली जावी आणि कोणत्या जमिनीला हात लावला जाऊ नये, हे ती ठरवते. जमिनीच्या अशा वापरानुसार केलेल्या वाटणीला क्षेत्रविभागणी म्हणतात. कचेरीत आणि जमिनीच्या दलालांच्या बोलण्यात तिचे नाव ‘झोनिंग’. महाराष्ट्रात या कामाचा पाया १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने घातला, तर गोव्यात १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने. दोन्ही कायद्यांत योजनेचा मसुदा प्रसिद्ध करणे, लोकांच्या हरकती व सूचना मागवणे आणि शेवटी सरकारने तिला मान्यता देणे हा क्रम सांगितलेला आहे. ग्रामीण भागात या क्रमाला विशेष महत्त्व येते, कारण नकाशावर शेतजमिनीचा रंग जाऊन वस्तीचा रंग आला की त्याच जमिनीची किंमत, तिच्यावर एक वीटही न चढता, कित्येक पटींनी वाढते. महाराष्ट्रात ‘जमीन यलो झोनमध्ये आली’ आणि गोव्यात ‘सेटलमेंट झाली’ या शब्दांमागे हीच उलाढाल असते.

प्रदेश हे नियोजनाचे एकक मानावे, हा विचार स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी आग्रहाने मांडला. गेडिस यांनी १९१५ नंतर भारतातील अनेक शहरांचे अहवाल लिहिले आणि १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या नव्या विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. ‘आधी पाहणी, मग योजना’ हा त्यांचा एक आग्रह होता. दुसरा आग्रह डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीच्या खोऱ्याचा उभा छेद काढून पाहण्याचा: माथ्यावर खाणकामगार आणि लाकूडतोड्या, उतारावर शिकारी आणि मेंढपाळ, खाली शेतकरी आणि अगदी शेवटी मच्छीमार, असे प्रत्येक उंचीवरचे काम त्या उंचीवरच्या जमिनीशी बांधलेले असते, हे त्या छेदात दिसते. हा छेद युरोपीय खोऱ्यांवरून काढलेला होता. तरी तो लावून पाहण्यासाठी गोव्याहून सोयीचा प्रदेश भारतात शोधूनही क्वचितच सापडेल. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या राज्यात सह्याद्रीच्या माथ्यापासून अरबी समुद्रापर्यंतचे अंतर जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर आहे. म्हादई नदी घाट उतरून येते आणि मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला मिळते, तोवर जंगल, कुळागरे, जांभ्याचे सडे, भातशेती, खाजने आणि किनारपट्टी हे सारे टप्पे तिच्या वाटेवर येऊन जातात.

या टप्प्यांपैकी दोन टप्पे नियोजनाच्या नकाशावर सर्वांत अधिक फसवे ठरले आहेत. पहिला खाजनांचा. भरतीच्या पाण्याखाली जाणारी खाडीकाठची जमीन बांध घालून मिळवायची, बांधात लाकडी झडपांचे दार बसवायचे, ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला खारे पाणी अडवायचे, अशी ही शतकानुशतके चालत आलेली व्यवस्था आहे. त्या दाराला गोव्यात ‘मानस’ म्हणतात. पावसाळ्यात खाजनात खारवट मातीत तग धरणारा कोरगुट भात होतो, कापणीनंतर आत घेतलेल्या पाण्यात मासे आणि कोळंबी मिळते, आणि मानशीवरील मासेमारीच्या लिलावातून येणारा पैसा पूर्वी बांधाच्या डागडुजीकडे वळत असे. हा कारभार गावकारी, म्हणजे पोर्तुगीज अमलात कोमुनिदाद म्हणून ओळखली जाऊ लागलेली ग्रामसंस्था, सांभाळत असे. खाजनाचा एक तुकडा भराव घालून वस्तीसाठी मोकळा केला, तर नुकसान त्या तुकड्यापुरते थांबत नाही: बांध फुटला की खारे पाणी शेजारच्या साऱ्या शेतांत शिरते, आणि भरावामुळे पावसाचे पाणी अडले की लगतच्या वाड्यांत ते घुसते. क्षेत्रविभागणी सर्व्हे क्रमांकानुसार होते. पाणी सर्व्हे क्रमांक ओळखत नाही. म्हणूनच गोव्याच्या कायद्यात कलम १७ अ घालून डोंगरउतार कापण्यावर आणि सखल जमिनीत भराव टाकण्यावर बंधने आणावी लागली.

दुसरा टप्पा सड्यांचा. जांभ्या खडकाचे हे सपाट पठार उन्हाळ्यात काळपट, उजाड दिसते आणि महसुली नोंदीत त्याची जागा बहुधा पड किंवा पोटखराबा अशी असते. त्यामुळे विमानतळ, उद्योग वसाहत किंवा गृहप्रकल्प यांसाठी नियोजनकर्त्याची नजर आधी सड्याकडे वळते. कोणाचे शेत जात नाही, कोणाचे घर उठत नाही, ही त्यामागची समजूत वरवर योग्यही वाटते. पण सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी जिरवतो, ते पायथ्याच्या झऱ्यांतून आणि विहिरींतून पुढील कित्येक महिने बाहेर येत राहते, आणि त्यावर पायथ्याची कुळागरे, म्हणजे सुपारी, नारळ, केळी आणि मिरी यांच्या मिश्र बागा जगतात. चार महिने फुलणारी सड्यावरची वनस्पतिसृष्टी आणि गावाची चराई यांची नोंदही पोटखराब्याच्या रकान्यात होत नाही. गेडिस यांचा ‘आधी पाहणी’ हा आग्रह येथे नेमका लागू पडतो, कारण महसुली नोंद ही कर आकारणीच्या दृष्टीने केलेली पाहणी आहे आणि जी जमीन कर देत नाही ती तिच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नसते.

संरक्षणानंतर वाढीचा प्रश्न येतो. कोणत्याही प्रादेशिक योजनेच्या मुळाशी एक अंदाज असतो: क्षितिजवर्षापर्यंत, म्हणजे योजना ज्या वर्षापर्यंत आखलेली आहे त्या वर्षापर्यंत, किती लोक राहतील आणि त्यांना किती जमीन लागेल. गोव्याची लोकसंख्या २००१ मध्ये १३.४८ लाख होती आणि २०११ मध्ये १४.५९ लाख झाली. ही दशकातील वाढ जेमतेम ८.२३ टक्के आहे. निव्वळ या आकड्यावरून पाहता वस्तीसाठी फार नवी जमीन लागू नये. प्रत्यक्षात त्याच काळात शहरी लोकसंख्येचा वाटा सुमारे ५० टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर गेला, आणि तोही मुख्यतः नगरपालिकांच्या हद्दीबाहेर. ज्या गावाची वस्ती किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि मुख्य पुरुष कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात असतील, त्या गावाला जनगणना ‘जनगणना नगर’ मानते, मग तेथे कारभार ग्रामपंचायतीचाच का असेना. गोव्यात अशी नगरे २००१ मध्ये ३० होती आणि २०११ मध्ये ५६. म्हणजे गोव्यातील ग्रामीण नियोजनाचा बराचसा भाग, गणनेच्या दृष्टीने, शहर झालेल्या गावांचेच नियोजन आहे. त्याच जनगणनेत गोव्यातील दर पाच घरांमागे साधारण एक घर रिकामे आढळले. त्यांतील मुंबई, पुणे, दिल्ली किंवा परदेशात राहणाऱ्यांनी सुट्टीसाठी वा गुंतवणुकीसाठी घेतलेली घरे लोकसंख्येच्या अंदाजात येत नाहीत, पण जमीन, पाणी, वीज आणि डोंगरउतार मात्र खातात. लोकसंख्येवर आधारलेली योजना अशा मागणीपुढे हतबल होते: कागदावर जमीन पुरेशी असते आणि बाजारात ती कधीच पुरत नाही.

अमेरिकेतील ऑरेगन राज्याने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. १९७३ च्या कायद्याने तेथे प्रत्येक शहराला नागरी वाढीची सीमारेषा आखणे बंधनकारक झाले; रेषेच्या आत अंदाजे वीस वर्षांच्या वाढीला पुरेल एवढी जमीन ठेवायची आणि बाहेरील शेती व जंगल सहसा तसेच राखायचे, असा तो नियम आहे. पोर्टलंड महानगराने पुढे एक पायरी चढून पुढील चार-पाच दशके ज्यांना हात लावायचा नाही असे ग्रामीण राखीव पट्टेही ठरवले. सीमारेषा हलवता येते, पण ठरावीक काळाने, साऱ्या महानगराचा हिशेब मांडून. एका मालकाच्या एका अर्जावर ती सहजासहजी हलत नाही. योजनेचे टिकणे न टिकणे बव्हंशी याच तरतुदीवर अवलंबून असते, आणि गोव्याचा गेल्या चाळीस वर्षांचा अनुभव पाहता हे विधान फार धाडसाचे ठरणार नाही.

गोव्याची पहिली प्रादेशिक योजना १९८६ मध्ये अधिसूचित झाली. तिचे क्षितिजवर्ष २००१ होते. योजनेच्या मुदतीत आणि मुदतीनंतरही फेरफारांची मालिका चालू राहिली: आज या गावातील एक सर्व्हे क्रमांक, उद्या त्या गावातील दोन. अशा तुकड्यातुकड्याने केलेल्या बदलात प्रत्येक बदल स्वतंत्रपणे क्षुल्लक दिसतो, त्यामुळे त्यांची बेरीज कोणाच्याच टेबलावर येत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये २०११ सालासाठीची दुसरी योजना अधिसूचित झाली, तेव्हा ती बेरीज एकदम दिसली. शेती, बागायती आणि डोंगरउतार यांचे मोठे पट्टे वस्तीसाठी खुले झाल्याचे नकाशे वाचणाऱ्यांच्या लक्षात आले आणि २००६ च्या अखेरीस ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले. स्थापत्यकार, वकील, डॉक्टर, शेतकरी आणि किनारी व डोंगरी गावांतील ग्रामसभा अशी त्यातील सरमिसळ लक्षणीय होती. एरवी तज्ज्ञांच्या कपाटात पडून राहणारा नकाशा गावच्या मंडपात भिंतीवर लागला. जानेवारी २००७ मध्ये सरकारने ती योजना मागे घेतली.

पुढच्या योजनेसाठी कृतिगट नेमला गेला आणि ज्येष्ठ स्थापत्यकार चार्ल्स कोरिया यांचे मार्गदर्शन त्याला लाभले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्याची पद्धत आधीच्या दोन्ही योजनांहून वेगळी होती. तिने आधी काय राखायचे ते ठरवले: वने, अभयारण्ये, खाजने, खारफुटी, जलाशय आणि भातशेती यांचा पहिला, कडक संरक्षणाचा वर्ग, बागायती, मिठागरे, डोंगरउतार यांचा दुसरा, मर्यादित वापराचा वर्ग, आणि त्यानंतर उरलेल्या जागेत वस्ती. गावांचीही प्रतवारी केली गेली. काही गावांत बांधकामाचे प्रमाण ८० आणि काहींत ६० ठेवले गेले. या आकड्याला एफएआर म्हणतात आणि ८० चा अर्थ भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या ८० टक्के एवढेच एकूण मजल्यांचे क्षेत्र बांधता येते. मसुद्याचे गावनिहाय नकाशे पंचायतींकडे पाठवले गेले, गावोगावी समित्या बसल्या आणि हजारोंच्या संख्येने सूचना आल्या. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिका यांना नियोजनात जे स्थान देऊ केले आहे, त्याच्या जवळपास पोहोचणारा हा भारतातील एक मोजका प्रयोग होता. राज्यघटनेच्या २४३ झेडडी या अनुच्छेदात जिल्हा नियोजन समितीने जमिनीच्या वापराचे नियोजन, पाण्याची वाटणी आणि पर्यावरण संरक्षण यांचा विचार करावा असे लिहिलेले आहे; बहुतेक राज्यांत ही समिती निधीवाटपाच्या बैठकीपलीकडे गेलेली नाही.

तरीही २०२१ सालासाठीची ही योजना सरळ मार्गाने अमलात आली नाही. २०११ मध्ये ती तालुक्यांनुसार टप्प्याटप्प्याने अधिसूचित होऊ लागली. जून २०१२ मध्ये नव्या सरकारने तिला स्थगिती दिली, आणि कित्येक वर्षांनंतर ती पुन्हा वापरात आली तेव्हा तिचे क्षितिजवर्ष उंबरठ्यावर येऊन ठेपले होते. मूळ नकाशा कायम ठेवून तो बदलण्याच्या वाटा मात्र याच काळात रुंदावत गेल्या. २०१८ मध्ये कायद्यात कलम १६ ब घातले गेले आणि वैयक्तिक अर्जावर जमिनीचा झोन बदलण्याची सोय झाली. २०२३ मध्ये कलम १७ (२) आले. योजनेत अनवधानाने राहिलेल्या चुका आणि विसंगत झोन दुरुस्त करणे, हा त्याचा घोषित हेतू होता. २०२४ मध्ये कलम ३९ अ आले, ज्यानुसार प्रादेशिक योजनेतील किंवा नागरी भागासाठीच्या बाह्य विकास आराखड्यातील झोन अर्जावरून बदलता येतो आणि त्यापूर्वी जनतेला ३० दिवसांची मुदत दिली जाते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने कलम १७ (२) खालील नियम आणि मार्गदर्शक सूचना रद्द ठरवल्या आणि त्या कलमाची व्याप्ती आकुंचित केली. जमीनमालकावर झालेला खरा अन्याय, उदाहरणार्थ पिढ्यान्‌पिढ्यांच्या घराखालची जमीन चुकून भातशेत दाखवली जाणे, दूर करण्याची सोय कायद्यात हवीच. तिला आक्षेप घेणारा विरळा. आक्षेप आहे तो एकेका अर्जाचा निर्णय योजनेच्या एकूण हिशेबापासून तोडण्याला. वर्षभरात किती हेक्टर भातशेत वस्तीत गेले, त्या वस्तीला पाणी कोठून येणार, तिच्याकडे जाणारा रस्ता किती वाहने पेलणार, हे प्रश्न एका सर्व्हे क्रमांकाच्या फाइलीत विचारले जात नाहीत आणि विचारले तरी त्यांचे उत्तर त्या फाइलीत मावणारे नसते. महाराष्ट्राच्या कायद्यातही प्रादेशिक योजनेत फेरबदल करण्यासाठी कलम २० आहे, आणि तेथेही हीच अडचण संभवते.

वाहतुकीच्या बाबतीत योजनेचे हात आणखी आखूड आहेत. लोहमार्ग, राष्ट्रीय महामार्ग आणि विमानतळ हे तिन्ही विषय केंद्राच्या अखत्यारीत येतात आणि प्रादेशिक योजना राज्याच्या कायद्याखाली बनते. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले आणि सुमारे ७६० किलोमीटरचा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्याआधी गोव्यात या मार्गावरून मोठा वाद झाला होता. किनारी पट्ट्यातील दाट वस्ती आणि खाजने यांतून मार्ग नेऊ नये, तो पूर्वेकडून न्यावा, अशी आंदोलकांची मागणी होती. प्रश्न उच्च न्यायालयात गेला, तेव्हा १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम ११ निर्णायक ठरले: इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी रेल्वे प्रशासनाला आवश्यक ती कामे करता येतात, असे ते कलम सांगते. रेल्वेने कोकणाला जे दिले ते अनमोल आहे, हे त्या वेळच्या अनेक विरोधकांनाही आज नाकारता येणार नाही. पण मांडवी आणि जुवारी यांच्या पूरमैदानांतून जाणारा भराव नेमका कोठे घालावा, हा प्रश्न तज्ज्ञ पाहणीचा होता आणि तो अधिकाराच्या प्रश्नात विरून गेला. २०२२ मध्ये याच्या उलट घडले. मोले राष्ट्रीय उद्यान आणि भगवान महावीर अभयारण्य यांतून जाणाऱ्या लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. दोन्ही वेळा प्रादेशिक योजना चर्चेच्या बाहेरच राहिली. रेल्वेला तिचे बंधन नव्हते आणि जंगलाला तिचा आधार लागला नाही.

रस्ता किंवा विमानतळ एकदा झाला की तो स्वतःच एक झोन बदलणारी शक्ती बनतो. पेडणे तालुक्यातील मोपा सड्यावरचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी २०२३ पासून वाहतुकीला खुला झाला आणि त्यानंतर पेडण्यातील जमिनींचे व्यवहार कोणत्या दिशेने गेले, ते सांगायला वेगळ्या पाहणीची गरज नाही. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटरचा आणि १२ जिल्ह्यांतून जाणारा म्हणून मूळ आखणीत मांडला गेलेला शक्तिपीठ महामार्गही याच तालुक्याच्या तोंडाशी येऊन संपतो. कोल्हापूर आणि इतर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचा त्याला असलेला विरोध मुख्यतः जाणाऱ्या बागायती जमिनींसाठी आहे; रस्त्याच्या शेवटच्या टोकाला काय होईल, ही चर्चा मागे पडली आहे.

ते शेवटचे टोक दोन राज्यांच्या मधोमध आहे. पेडणे, बार्देश आणि डिचोली या तालुक्यांत कालव्यातून येणारे पाणी सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातल्या तिळारी धरणाचे आहे. सिंधुदुर्गातील रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येतात आणि सावंतवाडी-दोडामार्गची तरुण मंडळी रोज गोव्यात कामाला जातात. म्हादई अभयारण्यातील वन्यजीव तिळारीच्या खोऱ्यात ये-जा करतात, म्हणून सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीला बंदी घातली आणि २०२० मध्ये महाराष्ट्राने तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राच्या जुलै २०२४ च्या केंद्रीय मसुद्यात गोव्याचे १,४६१ आणि महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र दाखवले गेले, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंची गावे निदान एका यादीत आली. पाणी, मजूर, रुग्ण आणि वाघ यांच्या दृष्टीने पेडणे आणि दोडामार्ग हा एकच प्रदेश आहे. त्याच्या अर्ध्या भागाला १९७४ चा कायदा लागू होतो आणि उरलेल्या अर्ध्याला १९६६ चा.